नमुन्यातील त्रुटी

माझ्या नवऱ्याने विमान बनवलं. हे वाक्य मी कोणाला पहिल्यांदा सांगते, तेव्हा समोरचा माणूस आधी हसतो, मग माझा चेहरा बघतो आणि विचारतो, "म्हणजे खेळण्यातलं?" खेळण्यातलं असतं तर किती बरं झालं असतं. माळ्यावर टाकता आलं असतं.

खरं विमान. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेलं, दोन माणसं बसणारं, पुढे परदेशातून मागवलेलं इंजिन. नाव मुक्ताई. मुक्ताई हे माझ्या सासूबाईंचं नाव. सासूबाई परभणीला धाकट्या दिरांकडे मजेत असतात आणि त्यांच्या नावाचं विमान पंधरा वर्षं माझ्या बोकांडी बसलं होतं. "आज मुक्ताईचं शेपूट काढून ठेवलं," असं हे जेवताना सांगायचे आणि माझ्या घशात घास अडकायचा.

हे म्हणजे वैजनाथ. खडकीला सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. क्वार्टर होती, पेन्शन होती, स्टेशन पाच मिनिटांवर होतं. मग एक्क्याण्णव साल आलं आणि सगळ्यांच्याच डोक्यात वारं शिरलं. कोणी एसटीडी बूथ टाकला, कोणी कॉम्प्युटर क्लास काढला, कोणी केबलच्या वायरी ओढल्या. यांनी नोकरी सोडून विमान काढलं.

"परवानाराज संपलं, भाग्यश्री," हे म्हणाले. "आता कोणीही काहीही बनवू शकतं."

"मग पोळ्या बनवा," मी म्हटलं.

मी पुण्याची आहे. जीभ मला माहेराहून मिळाली, दागिन्यांऐवजी. आणि मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे ती रोज परजली जाते. क्वार्टर सोडून आम्ही बिबवेवाडीत दोन खोल्यांत आलो, घर माझ्या नोकरीवर चाललं, आमची सृष्टी माझ्या शाळेत शिकली, आणि हे रोज सकाळी डबा घेऊन कात्रजच्या पुढे जायला लागले. तिथे घाटाच्या पायथ्याशी आप्पासाहेबांचा माळ होता. आप्पासाहेब डेअरीला दूध घालायचे, आणि त्या माळावर गवताशिवाय काही उगवत नव्हतं. त्यांनी पत्र्याची शेड वापरायला दिली आणि माळाचा एक लांब पट्टा सपाट करून दिला. बदल्यात काही मागितलं नाही. "इमान उडताना बघायला मिळंल की," एवढंच म्हणाले.

आणि ते उडालं. पंचाण्णव सालच्या फेब्रुवारीत, चाचणीपुरती परवानगी काढून. हवाई दलातून निवृत्त झालेले बापूराव म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी उडवलं. नऊ मिनिटं. माळावरून उठलं, डोंगराच्या अलीकडे वळलं, आमच्या डोक्यावरून दोनदा गेलं आणि बसलं. बापूराव खाली उतरले, हातमोजे काढले आणि म्हणाले, "वैजनाथराव, हात सोडले तरी सरळ जातं हो!" हे तिथेच गवतात बसले. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की मी आप्पासाहेबांच्या म्हशीलासुद्धा थोपटलं. घरी आल्यावर मात्र म्हटलं, "झालं ना उडवून? आता नळाचा वॉशर बदला."

नवऱ्याला डोक्यावर चढवून ठेवायचं नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

त्यानंतर महिन्याभरात शहरात उद्योगांचं एक प्रदर्शन होतं आणि यांना विमान तिथे मांडायचं होतं. पंख उतरवले, सगळं एका ट्रकवर चढवलं आणि आम्ही दोघं ड्रायव्हरशेजारी बसलो. शहराच्या हद्दीवर जकात नाका. मार्चचं ऊन. तिथे महिपती नावाचे एक कारकून होते, बिचारे सज्जन. त्यांनी ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आत जाऊन दरपत्रक उघडलं. दरपत्रकात विळे होते, खिळे होते, सुपारी होती, विमान नव्हतं.

दोन तास. मी उन्हात दोन तास उभी. आणि हे काय करत होते? पलीकडे एका हवालदाराला हात पसरून दाखवत होते की पंखाखालची हवा पंखाला वर कशी ढकलते. हवालदार हो हो करत होता. मागे ट्रकांची रांग, भोंगे, धूळ. शेवटी महिपती वही घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, नक्की काय आहे हे?"

मी विमानाकडे बघितलंच नाही. मी हवालदारासमोर हात पसरून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघत होते. "नमुना आहे," मी म्हटलं. "दुसरं काय? फुकट दिला तरी कोणी घेणार नाही."

महिपतींचा चेहरा उजळला. "असं होय! मग आधी सांगायचं," म्हणाले, आणि पाच मिनिटांत पावती फाडून आम्हाला सोडलं. मी ती पावती वाचलीही नाही. सुटलो एकदाचे, असं म्हणून यांच्या हातात दिली.

आता पुढची गोष्ट. एक विमान बनवणं वेगळं आणि विमानं बनवून विकणं वेगळं. दोन फ्लाइंग क्लबांनी विचारणा केली होती, त्यांना प्रत्येकी दोन हवी होती. पण विकायचं तर आधी इथल्या एका कार्यालयाची शिफारस हवी, मग दिल्ली. त्या कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही, नाहीतर त्यांचं अजून एक पत्र यायचं. यांनी अर्ज केला. सोबत विमान प्रत्यक्ष तयार असल्याचा सरकारी पुरावा जोडायचा होता. सरकारने यांचं विमान कुठे पाहिलं होतं? चाचणीची परवानगी तर कागद बघूनच दिली होती. पाहिलं होतं फक्त नाक्यावर. म्हणून यांनी ती पावती जोडली.

चार महिन्यांनी उत्तर आलं. यांनी उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं: "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण सादर केलेल्या नमुन्यात त्रुटी आढळून आली आहे. तरी नमुन्यातील त्रुटी दूर करून प्रस्ताव फेरसादर करावा."

हे खुर्चीत बसले. "त्रुटी कुठे असेल?"

"जाऊन विचारा की."

गेले. तिथल्या टेबलावरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पत्र मराठीत आहे ना?"

"आहे."

"मराठी वाचता येतं ना?"

"येतं."

"मग वाचा."

हे घरी आले आणि त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. वाचून त्यांनी असा निष्कर्ष काढला की पंख चुकला आहे. पत्रात पंखाचा प सुद्धा नव्हता. पण यांचं म्हणणं, सरकारकडे तज्ज्ञ असतात, त्यांना काहीतरी दिसलं असणार. मी खूप डोकं आपटलं. ते म्हणाले, "कामून चिडायलीस?" वीस वर्षं पुण्यात काढून यांची भाषा माझ्यापेक्षा शुद्ध झाली आहे, पण आतून हलले की परभणी बाहेर येते.

दुसरा पंख करायला दोन वर्षं गेली. बापूरावांनी तो लावून विमान उडवलं आणि म्हणाले, "पहिला बरा होता हो. हा एका बाजूला ओढतो." यांनी ऐकलं नाही. अर्ज पुन्हा गेला, सोबत तीच पावती. उत्तर आलं: नमुन्यातील त्रुटी दूर करून फेरसादर करावे. तिसरा पंख. चार वर्षं. तोपर्यंत दोन्ही क्लबांनी परदेशी विमानं घेतली. बापूराव तिसऱ्या पंखावर चार मिनिटांत खाली आले आणि कधी नव्हे ते चिडून म्हणाले, "वैजनाथराव, मी उडवतोय ना? मी सांगतोय ना? पहिला लावा!" ज्याने उडवलं त्याच्यावर विश्वास नाही, आणि ज्याने मान वर केली नाही त्याच्यावर विश्वास. उत्तर आलं: नमुन्यातील त्रुटी. मला तर वाटायला लागलं की ते पत्र एकदाच टाइप करून त्यांनी शंभर प्रती काढून ठेवल्यात.

त्याच काळात माझ्या दोन डबलबेडच्या चादरी हरवल्या, सोलापुरी, नव्या कोऱ्या. मी वरच्या गॅलरीतल्या बाईंवर संशय घेतला आणि दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाही.

सृष्टी शिकली, हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. पहिल्याच महिन्यात जेवताना म्हणाली, "बाबा, प्रोटोटाइप हा फेकायलाच असतो. आमच्याकडे आम्ही वीकली फेकतो. यू जस्ट मूव्ह ऑन."

"तुमचा वजनाला किती असतो?" यांनी गंभीरपणे विचारलं. ती हसली. मी हसले नाही.

दोन हजार सहा सालच्या श्रावणात आप्पासाहेब स्वतः घरी आले. पेढे घेऊन आले आणि पेढ्यांचा पुडा उघडेनात, तेव्हाच मला कळलं. "वैनी, माळ गेला," म्हणाले. "पोरांनी बिल्डरला दिला. दसऱ्याला शेड मोकळी पायजे म्हनत्यात. माझं काय चालत न्हाई आता." मग हळूच म्हणाले, "आन् त्यांना सांगा, त्यो चौथा पंख आता नका पुढं रेटू."

"कुठला चौथा पंख?"

आप्पासाहेबांनी जीभ चावली. जूनमध्ये शेडच्या पत्त्यावर एक पत्र आलं होतं. अंतिम स्मरणपत्र. तीस दिवसांत नमुन्यातील त्रुटी दूर न केल्यास प्रकरण कायमचं बंद करण्यात येईल. हे मला यांनी सांगितलं नव्हतं. तीस दिवसांत पंख होत नाही म्हणून मुदतवाढीचा अर्ज टाकून हे गुपचूप कामाला लागले होते. एकसष्ट वर्षांचा माणूस, शिडीवर चढून. मला इतका संताप आला की मी पेढ्यांचा पुडा स्वतः उघडला आणि दोन पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्या कार्यालयात गेले. मनात ठरवलं होतं: आज त्या माणसाला मान वर करायला लावायची. तर तो निवृत्त झालेला. त्याच्या जागी शेफाली नावाची एक मुलगी होती, नवीनच लागलेली, टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्यावर कव्हर. तिने मला काकू म्हणून बसायला खुर्ची दिली. सरकारी कार्यालयात खुर्ची मिळाल्यावर माझा अर्धा राग वाया गेला.

"विमानात चूक काय आहे तेवढं सांग," मी म्हटलं. "अकरा वर्षं माझा नवरा पंख बदलतोय."

तिने फाइल काढली, उघडली, खालपासून वरपर्यंत चाळली. मग माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

"पंख का बदलतायत?"

"का म्हणजे? तुम्हीच लिहिता ना, नमुन्यात त्रुटी आहे म्हणून!"

"अहो काकू," ती म्हणाली, "नमुना म्हणजे फॉर्म. नमुना क्रमांक सात. हा बघा, वर लिहिलंय."

मी बघितलं. अर्जाच्या डोक्यावर छापलेलं होतं. नमुना क्र. ७. तीनही अर्जांवर होतं. मी मराठी शिकवते. दरवर्षी मुलांना वहीत एका शब्दाचे दोन अर्थ लिहायला लावते आणि चुकलं तर लाल पेनाने गोल करते.

"मग त्रुटी?" मी विचारलं.

"चौथा रकाना. वस्तूचे वर्णन. यांनी लिहिलंय 'दोन आसनी हलके विमान.' आणि पुरावा म्हणून जोडलेल्या पावतीवर वेगळंच आहे. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून परत केलंय." तिने पावती माझ्यासमोर सरकवली.

महिपतींचं अक्षर सुंदर होतं. मालाचे वर्णन: नमुना. शेरा: विक्रीसाठी नाही.

मी ती पावती तेव्हा पहिल्यांदा वाचली.

"एका ओळीचं पत्र चाललं असतं हो," शेफाली म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. "पावतीवरील नमुना म्हणजेच सदर विमान. एवढंच."

"मग देते की आत्ता. कागद दे."

तिने मान हलवली. तीस दिवस संपून चार दिवस झाले होते. परवाच साहेबांनी सही करून प्रकरण बंद केलं होतं. नवीन अर्ज करता येईल, पण नव्या नियमाप्रमाणे धावपट्टी स्वतःच्या मालकीची हवी. मुदतवाढीचा अर्ज फाइलमध्ये होता. त्यावर कोणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, 'नमुन्यात नाही.'

कात्रजची बस मिळेपर्यंत मी रागवायला माणूस शोधत होते. ते कार्यालय, तो निवृत्त झालेला, हे, यांचा भिडस्तपणा, पुन्हा एकदा जाऊन विचारलं तर मोडलं असतं का काही? सगळ्यांवर रागावून झालं आणि तरी ती पावती तिथेच होती, आणि तिच्यावरचे शब्द माझे होते. आयुष्यभर मी लोकांना टोमणे मारले. कोणी ते इतक्या मनापासून लिहून घेतले नव्हते.

शेडमध्ये हे शिडीवर होते. दाराशी उन्हात, काढून ठेवलेल्या दुसऱ्या पंखावर आप्पासाहेबांच्या बायकोने, मैनावहिनींनी, पापड वाळत घातले होते.

"आलीस?" हे वरूनच म्हणाले. "सापडली बघ त्रुटी. टोकाला एक अंशाचा पीळ कमी आहे. या वेळी..."

"अहो, खाली उतरा."

"कामून? काय झालं?"

"आधी उतरा."

उतरले. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. नमुना म्हणजे फॉर्म. चौथा रकाना. जुळत नाही. चार दिवस. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुढे सांगता आलं नसतं. मला वाटलं आता हे ओरडतील. ओरडावं असं मला फार वाटत होतं.

यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे पहिला पंख बरोबर होता?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"विमानात काहीच चूक नव्हती हो. कधीच नव्हती."

यांनी वर आढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बापूराव सांगून सांगून थकला." बापूराव तीन वर्षांपूर्वी गेले. "त्याला म्हणायला पाहिजे होतं, तुझं बरोबर होतं म्हणून."

आता उरलेलं सांगायचं होतं. ते सांगताना मी पापडांकडे बघत होते. "त्या पावतीवर नमुना मी लिहायला लावलं. म्हणजे त्यांनी विचारलं काय आहे, आणि मी... मी विमानाला नाही म्हटलं ते."

"मला म्हणालीस."

मी मान वर केली.

"फुकट दिला तरी कोणी घेणार नाही, असं म्हणालीस. पाच फुटांवर तर उभा होतो, भाग्यश्री. पावती मात्र मीही कधी वाचली नाही. तिच्यावर तेच उतरलं असेल, असं डोक्यात आलं नाही."

"ऐकलं होतंत? आणि अकरा वर्षं..."

"वाईट वाटलं होतं," हे म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले, नळ गळतो सांगावं तसं. "पण दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात मी चहा घेऊन आलो, तर तू लोकांना सांगत होतीस, नऊ मिनिटं उडालं म्हणून. हात सोडले तरी सरळ जातं म्हणून. मला बघून गप्प झालीस."

मग मात्र मला रडू आवरलं नाही. हे घाबरले. मी रडले की हे नेहमीच घाबरतात आणि काहीतरी काम काढतात. त्यांनी पुन्हा शिडी उचलली आणि शेडच्या आढ्याखाली लावली. तिथे वर, दोरांनी टांगलेली दोन लांब गाठोडी होती. मी ती कित्येक वेळा पाहिली होती आणि अडगळ म्हणून सोडून दिली होती. आप्पासाहेबांना हाक मारली आणि तिघांनी मिळून ती खाली घेतली, दोर सोडले.

माझ्या चादरी. दोन्ही. सोलापुरी.

"अहो!" मी म्हटलं.

"धूळ बसली असती," हे म्हणाले.

आत पहिल्या पंखाचे दोन्ही भाग होते. कापड अजून टणक होतं, बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजत होतं. तीन दिवसांत हे पंख पुन्हा लागले. काही उपयोग नव्हता, उडवायला परवानगी नव्हती, बापूराव नव्हते, आणि दसऱ्यानंतर तिथे रोलर फिरणार होता. तरी लावले. शेवटचा बोल्ट बसल्यावर आप्पासाहेब लांब जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता कसं इमानावानी दिसतंया." संध्याकाळपर्यंत ते माळावर तसंच उभं होतं. मग पुन्हा सगळं खोललं, कारण सृष्टीच्या ओळखीने एका इंजिनिअरिंग कॉलेजने मुलांना दाखवायला ते ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी ट्रक आला. आम्ही दोघं पुन्हा ड्रायव्हरशेजारी. नाका आता जरा पुढे सरकला होता आणि तिथे महिपतींच्या जागी एक तरुण होता, समोर कॉम्प्युटर. बाहेर येऊन त्याने ट्रक पाहिला, आत गेला, माऊस फिरवला.

"काय आहे, मॅडम?"

"विमान."

"सिस्टीममध्ये विमान नाही येत. यादीतून सिलेक्ट करावं लागतं." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "नमुना टाकू? नमुना टाकलं की लगेच सुटेल."

"टाका, टाका," हे मागून म्हणाले. "जाऊ दे, भाग्यश्री. ऊन फार आहे."

"नाही," मी म्हटलं. "विमान."

"मॅडम, सॉफ्टवेअर घेतच नाही."

"तुमचं सॉफ्टवेअर घेत नसेल तर हाताने लिहा. हात आहे ना?"

मागे ट्रकांची रांग लागली. भोंगे सुरू झाले. तो तरुण आत कोणालातरी विचारून आला, पुन्हा आत गेला. एक वयस्कर साहेब बाहेर आले, त्यांनी मला समजावलं की कॉलेजला जातंय म्हणजे नमुनाच की हो, त्यात तुमचा फायदाच आहे. मी म्हटलं, मला फायदा नको, मला विमान हवंय. हे माझी बाही ओढत होते. "कामून चिडायलीस?" म्हणत होते. मी चिडले नव्हते. पहिल्यांदाच चिडले नव्हते, फक्त हलत नव्हते. सव्वा तासाने साहेबांनी कपाटातून जुनं छापील पावतीपुस्तक काढलं, त्यावरची धूळ झटकली आणि त्या तरुणाला म्हणाले, "लिही बाबा. त्या जात नाहीत."

तरुणाला पेन सापडेना. मी पर्समधून माझं लाल पेन काढून दिलं.

मालाचे वर्णन: विमान. नग: एक.

"विक्रीसाठी आहे का?" त्याने विचारलं.

मी यांच्याकडे बघितलं. हे रस्त्याकडे बघत होते, आपल्याला काही ऐकू आलं नाही असं दाखवायचं असलं की बघतात तसे.

"होतं," मी म्हटलं.

"होतं असं नाही लिहिता येत, मॅडम. हो की नाही, एकच. हो लिहिलं तर पूर्ण जकात लागेल."

"हो लिहा."

त्याने लिहिलं. शिक्का मारला. मी जकात भरली आणि पावती यांच्या हातात दिली, अकरा वर्षांपूर्वी दिली होती तशीच, पण या वेळी आधी स्वतः वाचून. यांनी ती फाइलमध्ये लावली नाही. शर्टाच्या खिशात ठेवली, आणि बिबवेवाडी येईपर्यंत दोनदा काढून वाचली.